चौसष्ट घरांची बेरीज

बुद्धिबळाचा पट आणि धान्याचे दाणे ही गोष्ट ऐकली नाही असा माणूस सापडणं कठीण. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, आणि असंच दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत. राजा आधी हसतो, मग कोठारं रिकामी होतात आणि गोष्ट संपते. तेराव्या शतकात इब्न खल्लिकान या चरित्रकाराने ती लिहून ठेवली, आणि तेव्हापासून सांगणारा प्रत्येक जण एकाच जागी थांबतो: संख्या केवढी मोठी! लग्नाला जाऊन नुसता मांडव बघून परत यावं, तसं हे आहे.

तो आकार एकदा पाहून बाजूला ठेवू. बेरीज येते १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. वीस अंक. 'लीलावती'त भास्कराचार्यांनी एक, दश, शत करत जी नावं दिली आहेत ती परार्धापाशी संपतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपली संख्या १८४ परार्धांच्या पुढे जाते, म्हणजे आपल्याकडची नावांची शिडीही अपुरी पडते. तांदळाचा दाणा वीस मिलिग्रॅमचा धरला तर वजन भरतं सुमारे ३७ हजार कोटी टन. झालं. आकाराबद्दल सांगण्यासारखं एवढंच. मोठी संख्या कुणीही लिहू शकतो. वीस नऊ लागोपाठ लिहा, याहून मोठी होईल. ही संख्या आतून कशी जोडली आहे, ते पाहण्यात खरी मजा आहे.

सुरुवातीलाच होणारी एक चूक सांगून टाकू. शेवटच्या घरात दाणे असतात २^६३, म्हणजे दोनचा त्रेसष्टावा घात. पहिल्या घरात २^० म्हणजे एक असतो, म्हणून घात घराच्या क्रमांकापेक्षा एकाने मागे राहतो. सगळ्या घरांची बेरीज शेवटच्या घराच्या दुपटीला एक कमी, म्हणजे २^६४ – १. घाईत लोक २^६४ लिहून मोकळे होतात. एका दाण्याने काय बिघडतं, असं वाटेल. दाण्यांच्या हिशेबात काहीच बिघडत नाही. अंकांच्या हिशेबात सगळं बिघडतं, ते पुढे दिसेलच.

आता पट मधोमध दुमडा. खालच्या चार ओळींत ३२ घरं. त्यांतली बेरीज २^३२ – १, म्हणजे ४२९ कोटींच्या आसपास. त्याच तांदळाच्या मापाने ८६ टन, नऊ दहा-टनी ट्रक. राजाला हे सहज परवडलं असतं. वरच्या चार ओळींतलं प्रत्येक घर हे खालच्या अर्ध्यातल्या आपल्या जोडीदार घराच्या २^३२ पट आहे. म्हणून वरच्या अर्ध्याची बेरीज खालच्या अर्ध्याच्या नेमकी २^३२ पट. मग पूर्ण पट म्हणजे खालचा अर्धा पट गुणिले (२^३२ + १). इथे एकही भागाकार न करता वीस अंकी संख्येचे दोन अवयव हातात आले.

खालचा अर्धा परत दुमडा. दोन ओळी, १६ घरं. अवयव निघतो २^१६ + १, म्हणजे ६५५३७. परत दुमडा. एक ओळ, ८ घरं, अवयव २५७. ओळीची अर्धी, ४ घरं, अवयव १७. दोन घरं, अवयव ५. शेवटी एक घर उरतं तेव्हा अवयव ३. पट सहा वेळा दुमडला जातो आणि सहा अवयव सांडतात:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

द्विमान पद्धतीत, म्हणजे नुसत्या शून्य आणि एक या अंकांत, लिहिलं तर हेच आणखी उघडं दिसतं. तिथे आपली संख्या म्हणजे ओळीने चौसष्ट एक. दशमानात ९९९९९९९९ ही संख्या ९९९९ × १०००१ होते, हे शाळेतला मुलगाही पाहून सांगेल. चौसष्ट एकांचं तसंच, बत्तीस एक गुणिले 'एक, मध्ये एकतीस शून्यं, एक'. ६४ हा आकडा स्वतः दोनाने सहादा भागला जातो म्हणून ही घडी सहा वेळा पडते. पट सात बाय सातचा, एकोणपन्नास घरांचा असता तर ही सोय नव्हती.

हे अवयव बरोबर आहेत का, याचा ताळा घ्यावा. नवाचा ताळा आजोबांच्या काळापासूनचा आहे: अंकांची बेरीज ८७, तिची १५, तिची ६. उजव्या बाजूला ३, ५, ८, ५, ८ आणि शेवटच्या अवयवाचे (अंकांची बेरीज ५९, मग १४, मग) ५. गुणत नेलं की ६ येतात. जुळलं. याच बेरजेवरून कळतं की संख्येला ३ ने भाग जातो पण ९ ने नाही, म्हणजे ३ हा अवयव एकदाच आहे. पण नवाच्या ताळ्यावर पूर्ण विसंबू नये. वीस अंक उतरवताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे शेजारचे दोन अंक उलटे पडणं, ९५५१ चं ९५१५ होणं. अंकांची बेरीज तीच राहते, नवाच्या ताळ्याला पत्ताही लागत नाही. तिथे अकराचा ताळा लागतो. उजवीकडून एकाआड एक अंक घेतले तर एक बेरीज ६२, दुसरी २५. फरक ३७, अकराने भागल्यावर बाकी ४. दोन शेजारी अंक उलटे झाले की ही बाकी बदलते. अवयवांच्या बाजूनेही ४ च यायला हवी, आणि येते.

शेवटचा अवयव, ४२९४९६७२९७, इथे मात्र थांबावं लागतं. दुमडून निघालेले बाकीचे पाच मूळ संख्या आहेत, म्हणजे एक आणि स्वतः यांखेरीज त्यांना कशानेच निःशेष भाग जात नाही. हा सहावा?

१६४० मध्ये फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने पत्रातून लिहिलं होतं की दोनापासून वर्ग करत जायचं आणि प्रत्येकात एक मिळवायचा, अशा ३, ५, १७, २५७, ६५५३७ वगैरे सगळ्या संख्या मूळ असाव्यात असं त्याला वाटतं. सिद्धता नव्हती, पण खात्री होती. आज त्यांना फर्मा संख्या म्हणतात, आणि मोजणी शून्यापासून करायची पद्धत असल्यामुळे ४२९४९६७२९७ ही पाचवी. १७२९ मध्ये गोल्डबाख या गणितज्ञाने ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला पत्रात विचारलं की फर्माचं हे म्हणणं तुला माहीत आहे का. १७३२ मध्ये ऑयलरने उत्तर दिलं: त्या पाचव्या संख्येला ६४१ ने भाग जातो.

पुष्कळ ठिकाणी हे असं सांगतात, की ऑयलर म्हणजे गणनयंत्र, त्याने सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं असेल. ६४१ ही ११६वी मूळ संख्या आहे. ११६ भागाकार दहा अंकी संख्येचे, अशक्य काहीच नाही. पण तेवढे करायची गरजच नाही. समजा एखाद्या मूळ संख्येने २^३२ + १ ला निःशेष भाग जातो. मग त्या संख्येने भागल्यावर २^३२ ची बाकी उणे एक, आणि वर्ग केला की २^६४ ची बाकी एक. म्हणजे दोनचे घात वाढवत नेले तर त्यांच्या बाक्या चौसष्टाव्या पायरीवर पहिल्यांदा एकावर येतात. त्याआधी बत्तिसाव्यावर त्या उणे एकावर होत्या, म्हणून फेरा त्याहून छोटा असू शकत नाही. फर्माचंच छोटं प्रमेय सांगतं की हा फेरा त्या मूळ संख्येपेक्षा एकाने लहान असलेल्या संख्येला भागतो. म्हणून अशी मूळ संख्या ६४क + १ याच साच्यातली असली पाहिजे.

साच्यात काय काय येतं ते बघा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतल्या मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. म्हणजे ११६ नव्हे, पाच भागाकार. हा साचा ऑयलरनेच पुढे सिद्ध केला. १८७८ मध्ये ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं की ६४ च्या जागी १२८ घेता येतो. मग १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यांत मूळ दोनच, आणि २५७ हीसुद्धा फर्मा संख्या असल्याने बाद, कारण दोन वेगळ्या फर्मा संख्यांना सामाईक अवयव नसतो. उरला एकच उमेदवार. पहिल्याच मुलाखतीत नोकरी!

भागाकारही मोठा करावा लागत नाही. वर्ग करत जायचं आणि प्रत्येक पायरीवर ६४१ ने भागून बाकी तेवढी ठेवायची. २^८ म्हणजे २५६. त्याचा वर्ग ६५५३६; ६४१ × १०२ = ६५३८२ वजा केले, उरले १५४. त्याचा वर्ग २३७१६; ६४१ × ३६ = २३०७६ वजा केले, उरले ६४०. भाजकाला एक कमी. हीच २^३२ ची बाकी, एक मिळवला की शून्य. पोस्टकार्डाच्या एका कोपऱ्यात मावेल एवढं गणित. त्याहून देखणी वाटही आहे. ६४१ = ५ × १२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६ सुद्धा. पहिल्या रूपावरून ५ × २^७ ची बाकी उणे एक. चौथा घात केला की ५^४ × २^२८ ची बाकी एक. दुसऱ्या रूपावरून ५^४ च्या जागी उणे २^४ ठेवता येतं. उणे २^३२ ची बाकी एक. संपलं.

भागाकार केल्यावर दुसरा तुकडा येतो ६७००४१७. तो मूळ आहे की आणखी फुटतो? इथेही साचा उपयोगी पडतो. त्याचा अवयव असलाच तर तो वर्गमुळापर्यंत, म्हणजे २५८८ पर्यंत कुठेतरी सापडेल, आणि १२८क + १ च्या साच्यातला असेल. त्या टप्प्यात असे वीस आकडे आहेत, पण १५३७ म्हणजे २९ × ५३, १७९३ म्हणजे ११ × १६३, २५६१ म्हणजे १३ × १९७ असे बरेच गळतात आणि मूळ उरतात पाच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. भाग देऊन पाहिलं तर बाक्या क्रमाने १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही. म्हणून ६७००४१७ मूळ. सात अंकी संख्येचं मूळपण पाच भागाकारांत सिद्ध होणं ही चैन आहे. ती मिळते कारण संख्या कुठून आली हे आपल्याला माहीत आहे. हीच संख्या कुणी नुसती कागदावर लिहून हातात दिली असती, तर २५८८ पर्यंतच्या पावणेचारशे मूळ संख्यांनी भागत बसावं लागलं असतं.

तर दाण्यांची पूर्ण बेरीज अशी:

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

सात मूळ अवयव, प्रत्येक एकदाच. विभाजक हवे असतील तर प्रत्येक अवयव घ्यायचा की नाही एवढंच ठरवायचं, म्हणजे २^७ = १२८ विभाजक. या संख्येपर्यंतच्या ज्या संख्यांचा तिच्याशी सामाईक अवयव नाही, अशा संख्या निम्म्याहून किंचित कमी आहेत. ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या पाच अवयवांमुळे तो वाटा जवळजवळ नेमका अर्धा होतो, आणि ६४१ त्यातून जरासा कापून घेतो.

आता तो एक दाणा. २^६४ – १ चे सात अवयव आपण कागद-पेन्सिलीने काढले. मधली संख्या २^६४, तिच्यात नुसते दोनच दोन. सांगण्यासारखं काही नाही. पण एका दाण्याने पुढे गेलं की २^६४ + १, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१७, ही सहावी फर्मा संख्या. फरक दोनाचा. ही फुटायला १८८० साल उजाडलं. लांद्री नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने, वयाच्या ८२व्या वर्षी, काही महिने खपून ती फोडली: २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. त्याच्या आधी १८५५ मध्ये क्लाउसेन या गणितज्ञाने गाउस या थोर जर्मन गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात हेच अवयव होते, पण ते पत्र जगापुढे यायला फार काळ गेला.

पाचव्या संख्येत दहाव्या पायरीवर अवयव सापडला; इथे ल्युकाचा २५६क + १ हा साचा वापरला तरी २७४१७७ येतो १०७१व्या पायरीवर. आणि खरं ओझं ते नव्हेच. दुसरा चौदा अंकी तुकडा मूळ आहे हे भागाकारांनी ठरवायचं तर ८२ लाखांपर्यंत जावं लागतं, आणि साच्यातले उमेदवार होतात बत्तीस हजार. अवयव सापडणं आणि काम पूर्ण होणं यांत किती अंतर असतं, ते इथे कळतं. वहीत 'अवयव पाडले' असं लिहून उरलेला तुकडा मूळ आहे का हे न तपासणं, ही सरावलेल्या माणसाचीही चूक असते.

उत्तर तपासणं मात्र आजही दोन ओळींचं. २^३२ ला २७४१७७ ने भागलं तर बाकी २५८७६८, म्हणजेच उणे १५४०९. त्याचा वर्ग २३७४३७२८१. आणि २७४१७७ × ८६६ = २३७४३७२८२. एकाचा फरक, म्हणून बाकी उणे एक, म्हणून २^६४ + १ ला निःशेष भाग. शोधायला महिने, तपासायला चहा निवेपर्यंतचा वेळ. आजची सार्वजनिक किल्लीची गुप्तलेखनं याच असमतोलावर उभी आहेत. फर्माची पुढची, सातवी संख्या ३९ अंकी. ती १९७० मध्ये संगणकाने फुटली. नववी १९९० मध्ये. बारावीचे काही अवयव मिळाले आहेत, पण ती पूर्ण फुटलेली नाही. आणि ६५५३७ च्या पुढे मूळ असलेली एकही फर्मा संख्या आजवर सापडलेली नाही. फर्माचं अनुमान पहिल्या पाचांपुरतंच खरं ठरलं, आणि ते पाचही आपल्या पटाच्या खालच्या चार ओळींत आहेत.

त्या चार ओळींच्या बेरजेला, ४२९४९६७२९५ ला, भूमितीत एक मान आहे. पट्टी आणि कंपास एवढ्यावरच काढता येणाऱ्या, विषम संख्येच्या बाजूंच्या सुसम बहुभुजाकृतींमध्ये माहीत असलेली सर्वांत मोठी एवढ्याच बाजूंची. १७९६ मध्ये गाउसने सतरा बाजूंची आकृती जमते हे दाखवलं. पुढे हेर्मेसने ६५५३७ बाजूंच्या आकृतीसाठी दहा वर्षं घालवली आणि ते बाड ग्योटिंगेनला जपून ठेवलं आहे. पूर्ण पटाच्या बेरजेएवढ्या बाजू मात्र पट्टी-कंपासाने जमणार नाहीत. ६४१ आणि ६७००४१७ आडवे येतात.

हे सगळं संगणकावर करून पाहणाऱ्यांसाठी दोन-तीन खड्डे सांगायला हवेत, कारण ही संख्या नेमकी यंत्राच्या उंबरठ्यावर उभी आहे. ६४ बिटांच्या, म्हणजे चौसष्ट द्विमान अंकांच्या, चिन्हरहित पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. एक मिळवा, शून्य होतं. यंत्र तक्रारसुद्धा करत नाही. एक्सेलच्या तक्त्यात हे वीस अंक टंकले तर पहिले पंधरा राहतात आणि शेवटच्या पाच जागी शून्यं येतात. मग त्या 'संख्ये'ला एक लाखाने भाग जातो असा शोध लागतो. दशांश संख्यांचा नेहमीचा ६४ बिटी साचा नेमके ५३ बिटच धरतो, म्हणून २^६४ – १ तिथे गुपचूप २^६४ होते. विषम संख्या सम झाली, सात अवयव गेले, चौसष्ट दोन आले. एका दाण्याने काय बिघडतं, ते हे.

तिसरा खड्डा जास्त फसवा आहे. बाकी काढत वर्ग करायची वर दाखवलेली रीत ६४१ किंवा ६७००४१७ साठी ६४ बिटांत बिनघोर चालते, कारण वर्ग चौदा अंकांच्या आत राहतो. तीच आज्ञावली ६७२८०४२१३१०७२१ या भाजकावर चालवली की वर्ग अठ्ठावीस अंकी होतो, वरचे अंक कापले जातात, आणि बाकी काहीतरीच येते. उत्तर चुकीचं आहे हे उत्तराकडे पाहून कळत नाही. एकतर १२८ बिटांचा गुणाकार वापरावा, नाहीतर पायथनसारखी पूर्णांकांना मर्यादा नसलेली भाषा. आणि तिथेही भागाकाराचं पूर्णांकी चिन्हच वापरावं, साध्या एका तिरक्या रेघेने पुन्हा ५३ बिटांत येऊन पडाल.

शेवटी देवळालीला जाऊ. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर तिथे १९३० ते १९६२ शाळेत शिक्षक होते, आणि अंकांच्या अशा खेळांना त्यांनी नावं दिली. अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती हर्षद संख्या. आपली बेरीज ८७, म्हणजे ३ × २९. सात अवयवांत २९ नाही. हर्षद होण्याचा योग हुकला. पण कापरेकरांच्या नावाची दुसरी संख्या आहे, तिथे चित्र वेगळं आहे. ४५ चा वर्ग २०२५; २० + २५ = ४५. ५५ चा वर्ग ३०२५; ३० + २५ = ५५. ९९ चा वर्ग ९८०१; ९८ + ०१ = ९९. तीन अंकांत २९७ (८८ + २०९) आणि ७०३ (४९४ + २०९).

या संख्या विखुरलेल्या वाटतात, पण त्यांच्यामागे अवयवच आहेत. वर्ग करून शंभराच्या जागी तोडलं, डावा भाग 'ड' आणि उजवा 'उ', तर वर्ग = १००ड + उ, आणि संख्या = ड + उ. वजाबाकी केली की वर्ग वजा संख्या = ९९ड. म्हणजे संख्या आणि तिच्या मागची संख्या यांच्या गुणाकाराला ९९ ने भाग जातो. लागोपाठच्या दोन संख्यांना सामाईक अवयव नसतो, म्हणून ९९ मधला ९ पूर्ण एकीकडे आणि ११ एकीकडे असा वाटून जायला हवा. ४५ मध्ये ९, ४४ मध्ये ११. ५५ मध्ये ११, ५४ मध्ये ९. दोन्ही एकीकडे गेले तर ९९, दोन्ही दुसरीकडे गेले तर १. चारच, पाचवी शक्य नाही. ९९९ म्हणजे २७ × ३७, म्हणून तिथेही चारच: १, २९७, ७०३, ९९९.

हेच आता द्विमान पद्धतीत, चौसष्ट बिटांच्या तुकड्यांवर करा. ९९ च्या जागी येते २^६४ – १. सात मूळ अवयव, प्रत्येकाने या बाजूला जायचं की त्या बाजूला. म्हणून चौसष्ट बिटी कापरेकर संख्या १ धरून नेमक्या १२८. त्यांतली सर्वांत मोठी म्हणजे खुद्द आपली दाण्यांची बेरीज, दशमानातल्या ९९ सारखी. मधल्या शोधायच्या तर पट दुमडला तसेच अवयव वाटा: खालच्या चार ओळींचे पाच अवयव एकीकडे, ६४१ आणि ६७००४१७ दुसरीकडे. संख्या येते २^३१ × (२^३२ – १), म्हणजे ९२२३३७२०३४७०७२९२१६०. एवढा मोठा वर्ग हाताने करायचा कंटाळा असेल तर एकाच ओळीवर, आठ बिटांत करून बघा. तिथे ती १२० होते. वर्ग १४४००, २५६ ने भागला तर भागाकार ५६, बाकी ६४, दोन्हींची बेरीज १२०.

याच साच्यात, दोनचा घात गुणिले 'ओळीने सगळे एक' अशा, ६, २८ आणि ४९६ या परिपूर्ण संख्याही बसतात, ज्यांच्या स्वतःहून लहान विभाजकांची बेरीज त्या संख्येएवढीच भरते. २८ चा वर्ग ७८४. ६४ ने भागला की १२ आणि बाकी १६. ४९६ चा वर्ग २४६०१६. १०२४ ने भागला की २४० आणि बाकी २५६. आपली ९२२३३७२०३४७०७२९२१६० मात्र परिपूर्ण नाही. त्यासाठी २^३२ – १ मूळ असावी लागली असती, आणि तिचे तर पट दुमडता दुमडताच पाच तुकडे झाले होते.